गाडीपुढचा फोटो आणि बांधणाऱ्याचे नाव

पाथर्डीला रेल्वे स्टेशन नाही. मुलांना आगगाडी दाखवायची तर बाहेरगावी जावेच लागते. मग व्यापारी व कारागीर बांधवांनी सुट्टीत सहकुटुंब नेरळ गाठावे, असे आम्ही सुचवतो. तेथून माथेरानला चढणारी सुमारे २१ किलोमीटरची छोटी रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधली. १६ लाख रुपये घातले वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. तेही व्यापारीच!

गाडीपुढे फोटो सगळेच काढतात. बांधणाऱ्याचे नाव मुलांना कोण सांगतो? फोटो गावच्या स्टुडिओत छापून घ्यावा, मागे ते नाव लिहावे. शेजारी आपल्या दुकानाचा, हत्यारांचा फोटोही लावावा. नाव पुसले गेले की मेहनतही विसरली जाते. आपल्या मुलांच्या बाबतीत तरी असे होऊ नये.