पीक ज्याचं गेलं, मदत त्याला द्या

जमीन खरडून गेली तर नुकसान मालकाचं. उभं पीक गेलं तर नुकसान पेरणाऱ्याचं. एवढा साधा फरक आपल्या मदतीच्या व्यवस्थेला अजून करता येत नाही. तिला एकच कागद कळतो, सातबारा. आणि सातबाऱ्यावर ज्याचं नाव, तोच तिच्या लेखी शेतकरी.

मी लातूर जिल्ह्यात तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव भारदस्त झालं, सज्जाचं कार्यालय मात्र बऱ्याच ठिकाणी तेच गळकं आहे. ते असो. सांगायचं ते असं की, गावात कोण कुणाचं रान बटईनं करतो, कुणी कुणाचं ठोक्यानं घेतलंय, हे तलाठ्याला तोंडपाठ असतं. कोतवालाला त्याच्याही आधी कळतं. माहीत नसतं ते फक्त सरकारच्या दफ्तराला.

ज्यांना ही भाषा परकी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बटई म्हणजे उत्पन्नात वाटा, बहुतेक वेळा निम्मा. खर्चाचं मग दोघं आपसात ठरवतात. ठोका म्हणजे वर्षाची ठरीव रक्कम, शक्यतो पाडव्याला रोख. ठोक्यात मालकाची जोखीम शून्य. पाऊस आला, नाही आला, जास्त आला, त्याचे पैसे आधीच खिशात पडलेले असतात. पश्चिम महाराष्ट्रात याच व्यवहाराला खंडानं देणं म्हणतात, विदर्भात मक्त्यानं. सगळीकडे एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे करार तोंडी.

आणि हे करणारे भूमिहीनच असतात असं नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी वहिती 1.34 हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. सरासरी म्हटली की मोठे खातेदारही तिच्यात आले. दोन एकरवाल्याचं घर दोन एकरांत भागत नाही. बैल किंवा भाड्याचा ट्रॅक्टर, घरातली चार माणसं, एवढं हाताशी असतं. मग तो शेजारचं चार-पाच एकर धरतो. लहान शेतकरी टिकतो तो पुष्कळदा दुसऱ्याच्या रानावर टिकतो.

आमच्या भागातला एक जण घ्या. नाव लिहीत नाही, कारण पेपरात नाव आलं तर येत्या पाडव्याला मालक रान दुसऱ्याला देईल. स्वतःचं सव्वा एकर, तेरणेच्या काठाला. शिवाय पाच एकर ठोक्यानं, एकरी बारा हजारांनी. साठ हजार पाडव्यालाच गेले. त्यातले निम्मे आडत्याकडून उचल, महिना शेकडा तीननं. बी-खत कृषी सेवा केंद्रातून उधारीवर. सगळं सोयाबीन. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पाऊस कसा झाला ते वाचकांनी टीव्हीवर पाहिलंच आहे. तेरणेचं पाणी रानात शिरलं आणि चार दिवस हललं नाही. शेंगा झाडावरच कुजल्या, काहींना मोड आले. पंचनामा झाला. पंचनाम्याच्या वेळी चिखलात गुडघाभर उभा राहून बांध दाखवणारा हाच होता, फोटोतही तोच आहे.

जिरायत पिकाला मदतीचा दर हेक्टरी साडेआठ हजार. त्याच्या सव्वा एकराचे सव्वाचार हजारांच्या आसपास त्याच्या खात्यावर आले. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर, त्याचे सतरा हजार मालकाच्या खात्यावर गेले. मालक पुण्याला असतात. रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी दहा हजार जाहीर झाले, तेही खातेदाराला. म्हणजे ज्यानं रब्बी पेरायची त्याच्या हातात काही नाही, आणि ज्याला ज्वारीची पाभर कुठल्या महिन्यात धरतात हे आठवत नसेल त्याला बियाण्याचे पैसे. मालक वाईट माणूस नाही. त्यांनी मागितलेही नव्हते. यादीत नाव होतं, पैसे आले.

मदतीचं जे, तेच पुढे सगळ्याचं. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. तो मिळवायचा तर खरेदी केंद्रावर नोंदणी हवी, नोंदणीला पिकाची नोंद असलेला सातबारा हवा, आणि सातबारा मालकाचा. मग माल मालकाच्या नावावर घालायचा, नाहीतर मोंढ्यात पडेल त्या भावानं द्यायचा. ज्याची उचल घेतली त्याच आडत्याच्या काट्यावर बहुधा तो जातो. पीक विम्यात बटईदार पात्र आहे, अट एवढीच की भाडेकरार नोंदणीकृत हवा. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत तर तोंडी करारानं कसणारेही बसतात. प्रत्यक्ष बँकेच्या खिडकीवर पहिला प्रश्न सातबाऱ्याचाच असतो. केंद्राचे वर्षाला सहा हजार आणि राज्याचे सहा हजार जमीनधारकालाच. कर्जापायी एखाद्यानं जीव दिला तर 2006 च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाला एक लाख मिळतात, पण तिथंही घराच्या नावावर जमीन आहे का हे आधी पाहतात. नसेल तर फाइलवर अपात्र असा शेरा. आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. तोही सातबाऱ्यावरूनच तयार होतो. पूर्वी एखादा बरा साहेब चौकशी करून काही वाट काढायचा. संगणकाला वाट काढता येत नाही.

मालक करार लिहून का देत नाही, हे समजून घेतल्याशिवाय या प्रश्नावर बोलण्यात अर्थ नाही. जुन्या गाव नमुना बारात ‘जमीन करणाराचे नाव’ असा रकाना होता, आणि कसण्याची रीतही लिहायची असे. शंभरातल्या जवळजवळ शंभर ठिकाणी तिथे ‘खुद्द’ लिहिलेलं सापडेल. मालकाऐवजी दुसरा माणूस कब्जात दिसला तर नमुना चौदा भरून तहसीलदारांकडे पाठवावा असा नियम होता. तो पाळणारा तलाठी बटईदाराचा कैवारी ठरला नसता, वैरी ठरला असता. कारण चौकशीची नोटीस निघाली की मालक पहिलं काम रान काढून घेण्याचं करी. भीती कुळाची. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा, पश्चिम महाराष्ट्रात 1948 चा, विदर्भात 1958 चा. या कायद्यांनी लाखो कुळांना जमिनी मिळाल्या, ते मोठं काम होतं आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याची दहशत अशी बसली की आज नातवंडांच्या काळातही मालक चिठ्ठीवर सही करत नाही. यातले सगळे मालक धनदांडगे नाहीत. तीन एकराची विधवा बाई, गुडघे गेलेला म्हातारा, छत्रपती संभाजीनगरला रिक्षा चालवणारा मुलगा, हेही मालकच. त्यांची जमीन जाईल अशी धास्ती घालून बटईदाराचं भलं होणार नाही.

आंध्र प्रदेशानं यावर दोनदा हात घातला. 2011 च्या कायद्यानं कसणाऱ्याला कर्जपात्रतेचं वर्षाचं कार्ड दिलं. 2019 मध्ये नवा कायदा आणला, अकरा महिन्यांचं कार्ड, जमिनीच्या मालकीला धक्का नाही असं स्पष्ट लिहून. पण मालकाची संमती सक्तीची केली, आणि जिथे संमती नाही तिथे कार्ड नाही. त्यातून शिकायचं ते शिकावं. केंद्राच्या 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकरी कोण याची व्याख्या कुळं, बटईदार, शेतमजूर यांना धरून केलेली आहे. अठरा वर्षांहून जास्त झाली, ती व्याख्या धोरणातच बसून आहे.

माझी मागणी मोठी नाही. हंगामी कसणाऱ्यांची वेगळी नोंदवही ठेवा, सातबाऱ्याला हात लावू नका. प्रत्येक हंगामात गावपातळीवर चावडीवाचन करून ती भरा. तिच्या पहिल्याच पानावर कायद्यानं लिहा की या नोंदीतून कुळहक्क किंवा कुठलाही मालकी हक्क निर्माण होणार नाही. मालकाला कळवा, संमतीवर अडवू नका. आणि मग पिकाची मदत, पिकाचा विमा, हमीभावाची खरेदी या तीन गोष्टी त्या नोंदवहीला जोडा. जमीन खरडली, विहीर बुजली, बांध फुटला, त्याची भरपाई मालकाला जाऊ द्या, ती त्याचीच आहे. खोट्या नोंदी होतील, भावाभावांची भांडणं त्यात घुसतील असा आक्षेप महसुलातलेच माझे जुने सहकारी घेतील. होतील काही. पण आज सातबाऱ्यावर बसून न पेरणाऱ्याला पैसे जातात, ती नोंद खरी आहे का?

कायदा होईल तेव्हा होईल. पुण्या-मुंबईत हा लेख वाचणाऱ्या पुष्कळांची गावाकडे चार-पाच एकर जमीन असेल, आणि ती कुणीतरी बटईनं किंवा ठोक्यानं करत असेल. गेल्या हंगामात अतिवृष्टीचं अनुदान आल्याचा मेसेज मोबाइलवर आला असेल तर एकदा बँकेचा उतारा काढून रक्कम पाहा. पीक तुमचं नव्हतं. पाडव्याला नवा ठोका ठरवायच्या आत ते पैसे रान करणाऱ्याला देऊन टाका.