भ्रूणाच्या कांडीलाही लेबल हवं

बियाण्याच्या पिशवीवर काय वाचायचं, हे जालन्याच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको उभी केली आणि पुढे हा जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जाऊ लागला. सोयाबीनची उगवणक्षमता किमान ७० टक्के असलीच पाहिजे आणि ती लेबलवर छापलीच पाहिजे, हा कायदा इथं सगळ्यांना पाठ आहे. प्रयोगशाळेत तयार केलेल्या गाईच्या गोठवलेल्या भ्रूणाला हाच नियम लागू करा, एवढीच माझी मागणी आहे.

गोठवलेल्या भ्रूणापासून वासरू जन्मण्याला पन्नास वर्षं उलटली. पुढे डॉली मेंढीमुळे गाजलेले इयान विल्मुट यांनी १९७३ मध्ये केंब्रिजला ते साधलं. पण तो भ्रूण गाईच्या पोटात वाढलेला होता. काचेच्या ताटलीत वाढलेला भ्रूण त्याच वयाचा असला तरी तेवढा चिवट नसतो. त्याच्या पेशींत चरबीचे थेंब जास्त असतात, म्हणून तो सूक्ष्मदर्शकाखाली काळपट दिसतो. पेशींची आपसातली पकडही सैल असते. गोठवताना पेशीतलं पाणी वेळेत बाहेर पडलं नाही तर आत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फुटते.

म्हणजे गोठवण्यासाठी नायट्रोजनची टाकी उघडण्याआधीच बराचसा निकाल लागलेला असतो. वाढीच्या द्रवात सीरम घातलं की भ्रूण भराभर वाढतात आणि प्रयोगशाळेचा आकडा चांगला दिसतो. पण सीरमामुळे चरबीही साठते आणि गोठवल्यावर हेच भ्रूण जास्त दगावतात. सातव्या दिवशी छान फुगलेला भ्रूण थंडी सोसतो. आठव्या दिवशी रखडत तिथवर पोचलेला सहसा सोसत नाही. किती भ्रूण तयार झाले, यावर कोणी पाठ थोपटून घेत असेल तर मला ते अजिबात पटत नाही.

जालन्याला हा प्रश्न जास्त जवळचा आहे. जेके ट्रस्टची गाईंचे भ्रूण तयार करणारी नावाजलेली प्रयोगशाळा पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईला आहे. तिथला ताजा भ्रूण भोकरदन किंवा घनसावंगीच्या गोठ्यापर्यंत वेळेत आणणं अवघड, त्यामुळे गोठवण्याला पर्याय नाही. त्याच्याही दोन तऱ्हा. एकीत भ्रूण इतक्या झटक्यात थंड करतात की बर्फ तयारच होत नाही. प्रयोगशाळेतल्या भ्रूणाला हीच तऱ्हा जास्त मानवते, पण नंतर त्यातलं गोठणरोधक द्रव्य टप्प्याटप्प्यानं धुवावं लागतं, तेही बहुधा सूक्ष्मदर्शकाखाली. दुसरीत हळूहळू उणे ३५ अंशांच्या आसपास आणून मग भ्रूणाची कांडी, म्हणजे बारीक नळी, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. ही कांडी गोठ्यातच वितळवून थेट गाईत सोडता येते, मात्र भ्रूण जगण्याचं प्रमाण कमी पडतं. आपल्याला सोयीची आहे ती दुसरी. म्हणून संशोधनाचा पैसा तिच्यावर लागायला हवा.

गोठ्यातली चूकही महाग पडते. रेतनाच्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात, त्यातले काही मेले तरी गाय गाभण राहू शकते. भ्रूणाच्या कांडीत एकच जीव असतो. ती थेट कोमट पाण्यात टाकायची नाही; आधी काही सेकंद हवेत धरायची, मग साधारण ३० अंशांच्या पाण्यात. रेतनाची कांडी वितळवणाऱ्या हाताला वेगळी सवय असते, त्यामुळे वेगळं प्रशिक्षण लागतं. भ्रूण पोटात वाढवणारी वाहक गाय सात दिवसांपूर्वी माजावर आलेली हवी, एखादा दिवस मागेपुढे चालतो. आणि ती अंगानं भरलेली हवी. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या जनावरांची काय दशा झाली होती, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यापुढचं सांगायला नको.

केंद्राच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये आयव्हीएफच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भ्रूणाच्या, प्रत्येक खात्रीच्या गर्भधारणेमागे ५,००० रुपये अनुदान ठेवलं गेलं. भ्रूणाऐवजी गर्भधारणा मोजणं हे योग्यच पाऊल होतं. आता पुढचं पाऊल टाका. भ्रूण कितव्या दिवशी गोठवला, कोणत्या प्रतीचा होता, कोणत्या तऱ्हेनं गोठवला आणि त्या प्रयोगशाळेच्या गोठवलेल्या शंभर कांड्यांमागे किती गाई गाभण राहिल्या, हे कांडीसोबतच्या कागदावर मराठीत छापा. प्रत्येक गाईच्या कानात बारा अंकी बिल्ला आहेच. कांडीचा क्रमांक त्याला जोडा आणि दोन महिन्यांनी गाभण तपासणीचा निकाल तिथंच नोंदवा. मग तालुकावार आकडे दर वर्षी पंचायत समितीच्या फलकावर लावता येतील.