जुनी स्विफ्ट ट्रॅकवर नेताय?
स्पीडची हौस आहे? रस्त्यावर रेस लावलीत तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्याच वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यावरचा सरळ पर्याय म्हणजे ‘ट्रॅक डे’. चेन्नई, कोइम्बतूरला ट्रॅक आहेत आणि हौसेपुरती सेकंडहँड स्विफ्टही पुरते. पण स्वस्त फक्त गाडी! ब्रेक ऑइलमध्ये हळूहळू पाणी मुरतं. नवं ‘डॉट ४’ किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, ओलावा धरलेलं १५५ लाही उकळू शकतं. मग पेडल थेट खाली! शिवाय नेहमीच्या विम्यात रेसिंग, स्पीड टेस्टिंग बसत नाही. ठोकलीत तर खर्च तुमचाच. म्हणून म्युझिक सिस्टिम राहू द्या, पैसे आधी ब्रेक आणि टायरवर घाला.