करंगळी आणि काठ्या

मंडळी, आमच्या घरात वर्षभर एका करंगळीवरून महाभारत चाललं होतं. करंगळी आमच्या धाकटीची, वय वर्षं तेरा. तिच्या अज्जीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या कन्नडमध्ये 'किरुबेरळु'. आणि वाद्य गिटार.

क्लासच्या सरांनी तिला 'जी' कॉर्ड करंगळी घालून शिकवली. अनामिका आणि मधलं बोट दोन जाड तारांवर, करंगळी सगळ्यात बारीक तारेवर, तिसऱ्या फ्रेटला. असं धरलं की पुढे 'सी' कॉर्डवर जाणं सोपं पडतं. पण हिची करंगळी तारेवर टेकली की तार नुसती भणभणायची. मग ही हळूच करंगळी दांडीखाली लपवायची आणि अनामिकेवर काम भागवायची.

"जोर लाव की जरा!" मी स्वयंपाकघरातून ओरडायची. तिने तासतासभर जोर लावला. मनगट दुखायला लागलं, आणि एके दिवशी गिटार कपाटावर जाऊन बसली. "माझी करंगळीच आखूड आहे," असं म्हणून तिने विषय संपवला. पैसे गेले याचं मला वाईट वाटलं, हे कबूल करते. तिचं मनगट दुखतंय, हे मात्र मी मनावर घेतलं नाही.

सुट्टीत आम्ही सासूबाईंना घेऊन उज्जैनला गेलो. वर्षापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा उजवा मनगट मोडला होता. प्लॅस्टर निघालं, पण अनामिका आणि करंगळी आखडली ती आखडलीच. तेव्हापासून त्यांनी नातीची वेणी घालणं सोडलं होतं. त्या दोघींत त्यावर कधी बोलणं झालं नाही, पण वेणी मी घालू लागले.

महाकालाचं दर्शन घेऊन संध्याकाळी रामघाटावर आलो. सिंहस्थात लाखो माणसं स्नानाला येतात तो हाच घाट. क्षिप्रेची आरती झाली, गर्दी पांगली, आम्ही पायऱ्यांवर बसून राहिलो. सासूबाई सांगू लागल्या, कृष्ण इथेच सांदीपनी ऋषींकडे शिकायला होता, चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकला म्हणतात.

"आणि मला वर्षभरात एक 'जी' येईना," धाकटी म्हणाली.

"अगं, शिकायला यायच्या आधीच त्याने करंगळीवर गोवर्धन उचलला होता. चित्रात बघ, डावीच करंगळी असते."

"दुखली नाही त्याची?"

सासूबाई हसल्या. "खाली गोपाळांनी काठ्या लावल्या होत्या की! डोंगर काय काठ्यांनी उभा राहत नाही. पण करंगळी एकटी आहे, असं कुणी त्याला वाटू दिलं नाही."

धाकटी गप्प झाली. मग तिने डावा तळवा पायरीवर ठेवला, मधलं बोट मुडपून आत घेतलं आणि बाकीची बोटं एकेक करून उचलून पाहिली. अनामिका काही केल्या उठेना. करंगळी मात्र टुणकन उठली!

वाचकहो, तुम्हीही टेबलावर करून बघा. सासूबाईंच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे आम्हाला समजावलं होतं. करंगळीला उचलणारा तिचा स्वतःचा स्नायू असतो. अनामिका मात्र शेजारच्या बोटांच्या शिरांना बांधलेली असते. वाकताना मात्र करंगळी आणि अनामिका एकमेकींना ओढतात. म्हणजे करंगळी दुबळी नसते, तिला स्वतंत्र चालायची सवय नसते. भरलेली बादली उचलताना, विळा धरताना पकड घट्ट ठेवतात त्या याच दोघी.

घरी आल्यावर गिटार खाली उतरली. या वेळी आम्ही जोर लावायचा सोडून काठ्या लावल्या. पहिली काठी अंगठ्याची : तो दांडीच्या मागे, मधल्या बोटाच्या समोर. दुसरी मनगटाची : ते फार मुडपायचं नाही. तिसरी जागेची : बोट फ्रेटच्या अगदी लगत टेकवायचं, तिथे कमी दाबातही सूर स्वच्छ निघतो. सुरुवात पाचव्या फ्रेटपासून, कारण खाली जावं तसं फ्रेटमधलं अंतर कमी होतं. चार बोटं, चार फ्रेट, एक-दोन-तीन-चार, एका सेकंदाला एक सूर. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. दुखलं की थांबायचं. करंगळीला मुंग्या येत राहिल्या तर डॉक्टरांना दाखवायचं, कारण कोपरापाशी दबलेल्या शिरेनेही तसं होतं.

मध्येच पोरीने जँगो राइनहार्टचं नाव शोधून आणलं. १९२८ मध्ये आगीत या गिटारवादकाची डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जायबंदी झाली, तरी तो दोन बोटांवर जगप्रसिद्ध झाला. "मग मला कशाला करंगळी?" मी म्हटलं, "बाळा, कॉर्ड धरताना जमेल तिथे तो ती जायबंदी बोटंसुद्धा वापरायचा. तुझी तर धडधाकट आहे."

त्या पाच मिनिटांत सासूबाईही शेजारी बसू लागल्या. धाकटी तारांवर बोटं मोजते, त्या मऊ चेंडू दाबून सोडतात. घाई झाली की सांगतात, "सावकाश माडव्वा." सावकाश! मराठीत आणि आमच्याकडच्या कन्नडमध्ये हा शब्द एकच, हे लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

दोन महिन्यांनी 'जी' स्वच्छ वाजला. 'एफ' अजून भणभणतो, तो भणभणू दे. परवा सकाळी मी कंगवा घेऊन गेले, तर पोरगी आधीच अज्जीपुढे बसलेली. वेणी सैल होती, शाळेत पोचेपर्यंत सुटलीही असेल. पण ती पुन्हा घालून दे, असं काही तिने मला म्हटलं नाही. मीही कंगवा ठेवून दिला.