सूज उतरली म्हणून गोळी बंद करू नका

हृदय अशक्त झालेल्या अनेक रुग्णांना डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी देतात. वस्तीत तिला सरसकट ‘लघवीची गोळी’ म्हणतात. त्यामुळे पायांची सूज उतरली की गोळी बंद होते. घरात संडास नाही, सार्वजनिक शौचालयापुढे रांग. म्हणून कामावर जाणाऱ्या बायका ती टाळतात. माझ्या मते हे नावच घात करते.

अशक्त हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलू शकत नाही. मूत्रपिंडाला रक्त कमी मिळाले की शरीराची समजूत होते, पाणी कमी पडले. मग मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त सोडतात. ते मीठ-पाणी अडवून ठेवते. सूज येते, धाप लागते. शिवाय हृदयाच्या स्नायूत चिवट तंतू वाढून हृदय कडक होते. ही गोळी अल्डोस्टेरॉनचे काम रोखते. 25 मिलिग्रॅमच्या नेहमीच्या डोसने लघवी फारशी वाढत नाही. वारंवार जावे लागते ते बहुधा सोबतच्या फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइडमुळे. कधी दोन्ही औषधे एकाच गोळीत असतात. कामाच्या वेळेप्रमाणे गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

1999 साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेल्स’ अभ्यासात गंभीर अवस्थेतले 1,663 रुग्ण होते. सुमारे दोन वर्षांत ही गोळी घेणाऱ्यांपैकी 35 टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी 46 टक्के. इतर औषधे दोन्ही गटांना चालू होती.

मात्र या गोळीने रक्तातले पोटॅशियम वाढू शकते आणि फार वाढले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून गोळी सुरू झाल्यावर आठवड्याने, महिन्याने आणि पुढे ठरावीक काळाने पोटॅशियम व क्रिएटिनीन तपासावेच लागते. शहाळ्याचे पाणी आणि ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको; मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळीही नको. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पुरुषांची छाती दुखरी होऊन फुगली तरी लाजू नका, सांगा. दुसरे औषध मिळते.

कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात जा, शीवच्या टिळक रुग्णालयात जा, नाहीतर गल्लीतल्या डॉक्टरकडे. केसपेपरवर गोळीच्या नावाशेजारी पुढच्या रक्ततपासणीची तारीख लिहून मागा. ती मागणे हा उद्धटपणा नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे.