'अ. पा. क.' लिहिल्याने कोणी धनी होत नाही



अज्ञान मुलाच्या नावे जमीन लागली की सातबाराच्या उताऱ्यावर 'अ. पा. क.' ही तीन अक्षरे चढतात. अज्ञान पालनकर्ता, असा त्यांचा अर्थ. नवरा वारल्यावर त्या अक्षरांपुढे आईचे नाव लागावयास हवे. परंतु पुष्कळदा तेथे चुलत्याचे नाव लावून घेतले जाते, आणि चुलता स्वतःस जमिनीचा धनी समजू लागतो. "बाईमाणसाला व्यवहारातले काय कळते ?" हा त्याचा युक्तिवाद. हा युक्तिवाद अन्यायाचा आहे आणि कायद्याविरुद्धही आहे.

महसुली नोंद ही साऱ्याच्या वसुलीकरिता असते. तिच्या बळावर कोणी मालक होत नाही, पालकही होत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे वडिलांच्या मागे आई हीच मुलाची नैसर्गिक पालक होय. वडिलांनी मृत्युपत्राने दुसऱ्यास नेमले असले, तरी त्यांच्या मागे आई हयात असता ती नेमणूक तिच्या आड येत नाही. चुलता, मामा, आजोबा यांचे नाव नैसर्गिक पालकांत नाही. त्यांपैकी कोणास पालक व्हावयाचे असेल, त्याने १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयात अर्ज करावा. तेथेही मुलाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार मानला जाईल.

"तू बौद्ध झालीस, आता मुलावरचा तुझा हक्क गेला," असा धाक दीक्षा घेतलेल्या विधवेस कोणी घातला, तर तिने तो मुळीच मानू नये. हिंदुत्व सोडणाऱ्याचे नैसर्गिक पालकत्व जाते, असे कलम ६ म्हणते खरे. परंतु त्या कायद्याच्या 'हिंदू' या शब्दात बौद्ध येतात, असे कलम ३ मध्ये नावानिशी लिहिले आहे. हा कायदा २५ ऑगस्ट १९५६ रोजी, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ५० दिवस आधी झाला. आपली गणना त्या शीर्षकाखाली व्हावी, हे आपणांस मान्य नाही. तो लढा आपण लढूच. परंतु तोपर्यंत हाती असलेले शस्त्र फेकून देण्यात शहाणपण ते कोणते ?

पालक हा विश्वस्त आहे. खुद्द आईबापांनासुद्धा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून मुलाची स्थावर मिळकत विकता, गहाण ठेवता वा बक्षीस देता येत नाही. आणि ती परवानगी केवळ गरजेपोटी किंवा मुलाच्या उघड हितासाठीच मिळते. पालकाने परवानगीवाचून केलेली विक्री मुलास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावून रद्द करविता येते. नुसता सांभाळ करणाऱ्या चुलत्यास तर कलम ११ प्रमाणे विक्रीचा अधिकारच नाही. मात्र एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्यास कलम ८ चे हे कुंपण नाही. तेथे आईने मुलातर्फे वाटणीचा दावा वेळीच लावावा.

आता दोष कायद्याचाही सांगितला पाहिजे. "वडील, आणि त्यांच्या मागे आई" हा क्रम कोणत्या न्यायाने लावला ? नऊ महिने वाहणारी आणि जन्मभर खस्ता खाणारी दुसरी कशी ? १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'मागे' याचा अर्थ 'अभावी' असा केला. म्हणजे वडील हयात असूनही मुलाकडे पाहत नसतील, तर आई पालक ठरू शकते. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात आईबापांना एकाच वेळी समान पालक मानण्याची शिफारस केली. समता सांगणाऱ्या संविधानाखाली या शिफारशीस कायद्याचे रूप मिळालेच पाहिजे, अशी आपली मागणी असावी.

परंतु मागणी मान्य होईतो स्वस्थ बसू नका. आपल्या वस्तीत एखादी विधवा असेल, तर तिच्या मुलांच्या जमिनीचा उतारा आजच काढा. फेरफार पाहा. नाव चुकीचे असेल तर हरकत नोंदवा. वकिलाच्या फीची भीती बाळगू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने स्त्रियांना व मुलांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे आणि त्यास उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा. भावकीच्या बैठकीत, कोऱ्या मुद्रांकावर, आईने अंगठा मात्र उठवू नये.