पासवर्ड सगळ्यांचा, मग जबाबदारी कुणाची?

कॉलेजच्या वायफायचा पासवर्ड कुठे मिळतो? कर्जत-खालापूर पट्ट्यात तरी उत्तर सोपं आहे: एफवायच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. कँटीनवाल्या दादाला तो माहीत, खोपोली लोकलमधल्या दुसऱ्या कॉलेजच्या मित्राला माहीत आणि तीन वर्षांपूर्वी पासआउट झालेल्या सीनियरलाही माहीत. नेट स्लो झालं की ऑफिस पासवर्ड बदलतं. लंच ब्रेकपर्यंत नवाही सगळीकडे!

यात हसण्यासारखं फार नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारा ईमेल गेला नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घरच्या वायफायवरून. चौकशीला सामोरं जावं लागलं ते तिथं राहणाऱ्या माणसाला. महिन्याभरात तसाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला. उद्या आपल्या कॉलेजच्या नेटवरून कुणी एखाद्या मुलीला घाणेरडे मेसेज पाठवले, तर बोट कुणाकडे दाखवणार? अख्ख्या वर्गाकडे?

उपाय नवा नाही. एलडॅप नावाची पद्धत १९९३ सालची, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातली. म्हणजे कॉलेजातच जन्मलेली. कॉलेजकडे विद्यार्थ्यांची एक डिरेक्टरी असते, मस्टरसारखी. तुम्ही स्वतःचं नाव-पासवर्ड टाकलात की राउटर त्या डिरेक्टरीला विचारतो, हा आपला का? मध्ये बहुतेकदा रेडियस नावाचा सर्व्हर निरोप्याचं काम करतो. पासआउट झालेल्याची एक नोंद बंद केली की काम झालं, बाकीच्यांना त्रास नाही. ओपनएलडॅप आणि फ्रीरेडियस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यामुळे ‘बजेट नाही’ हे कारण मला अर्धंच पटतं. माणूस लागतो, हे खरं. पण आयटीची पोरं प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात, त्यांना द्या की हे!

फक्त अर्धवट करू नका. साधं एलडॅप ३८९ नंबरच्या पोर्टवर पासवर्ड उघडाच पाठवतं, त्यामुळे टीएलएसचं कुलूप हवंच. आणि पावसाळ्यात लाइट गेली, सर्व्हर झोपला, तर अॅडमिनला आत शिरता यावं म्हणून राउटरवर एक लोकल अकाउंट ठेवावं लागतं.

मित्रांचा आक्षेप वेगळाच आहे: ‘म्हणजे सर आमचं सगळं बघणार?’ सगळं नाही. एचटीटीपीएसमुळे मेसेजमधला मजकूर दिसत नाही, पण कोण, कधी जोडलं गेलं आणि बऱ्याचदा कुठल्या साइटवर गेलं, हे दिसू शकतं. तेही कमी नाही. म्हणून लॉगिन मागताना दोन गोष्टी लेखी मागा: नोंदी किती दिवस ठेवणार आणि त्या कुणाच्या परवानगीने उघडणार. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्येच संमत झालाय. हे उत्तर प्रवेशाच्या फॉर्मवरच छापलेलं असावं, फीच्या रकान्याच्या शेजारी.